बालरुग्णसेवेतील अनेक वाटा

मुलांवर उपचार करण्याची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा बालरोगतज्ज्ञ होण्याचाच सल्ला दिला जातो. हे क्षेत्र त्याहून कितीतरी विस्तृत आहे, असे मला मनापासून वाटते. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाच्या त्वचेचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिक्षिप्त क्रिया, स्नायूंचा ताण व श्वसन यांना प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती १९५२ मध्ये व्हर्जिनिया अपगार यांनी मांडली, आणि त्या भूलतज्ज्ञ होत्या.

औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्यांचे काम येथे विशेष जोखमीचे असते. मुलांच्या बहुतेक औषधांची मात्रा वजनानुसार ठरते, त्यामुळे दशांशचिन्ह एक स्थान चुकले तरी ती दहापट होऊ शकते. नवजात अतिदक्षता विभागातील परिचारिकेला, जे बाळ काहीच सांगू शकत नाही, त्याच्या श्वासातील आणि रंगातील बदल इतरांच्या आधी ओळखावे लागतात. माझ्या मते संपूर्ण विभागाचा खरा आधार तीच असते. श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनाही बालरुग्णांसाठी स्वतंत्र कौशल्य मिळवावे लागते.

काही रुग्णालयांत खेळातून मुलांची भीती कमी करणारे प्रशिक्षित तज्ज्ञही नेमले जातात. बाहुलीवर सुई टोचून दाखवल्यावर मूल पुढच्या प्रक्रियेसाठी अधिक तयार होते, आणि हे काम उपचाराइतकेच गांभीर्याने घेतले जावे, अशी माझी तळमळ आहे. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी चिंताग्रस्त पालकांशी शांतपणे बोलण्याची तयारीही शिक्षणाच्या काळातच करावी.