पंचवीस मीटरवरची पाटी

ड्रायव्हिंग लायसन संपायला तीन आठवडे उरले होते आणि एजंट मेडिकल सर्टिफिकेटसकट दीड हजार मागत होता. पेठेतल्या एक एमबीबीएस मॅडम तेच सर्टिफिकेट दोनशे रुपयांत देतात असं कळलं, म्हणून मी त्यांच्या दवाखान्यात गेलो. कुणी विचारलं तर आता मी सांगतो की तब्येतीची काळजी वाटत होती म्हणून गेलो. ते खोटं आहे. तेराशे रुपये वाचवायला गेलो होतो.

मी सतरा फुटी आयशर ट्रकवर ड्रायव्हर आहे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, रात्रीची गाडी, पहाटे वाशी मार्केट. बाकीचं वर्ष मिळेल तो माल. वय सत्तेचाळीस. हेवी लायसन २००५ साली काढलं. तेव्हा ट्रान्स्पोर्टचं लायसन दर तीन वर्षांनी रिन्यू करावं लागायचं, २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर ते पाच वर्षांचं झालं. दर वेळी अर्जासोबत फॉर्म एक-अ लागतो, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. पहिलं धरून २०२० पर्यंत सहा वेळा मी फिट ठरलो आणि सहापैकी एकदाही कुणी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. २०१४ ला तर डॉक्टर वडापाव खात होते. एका हातानं सही केली आणि फक्त ब्लड ग्रुप विचारला. फॉर्मवर तेवढी एकच गोष्ट ऐच्छिक असते.

आता ते सर्टिफिकेट डॉक्टर स्वतःच्या लॉगिनमधून सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, चढवतात. त्यामुळं सगळं काटेकोर झालं असेल असं वाटत होतं. एजंट म्हणाला, "तुम्ही यायची पण गरज नाही, नुसता ओटीपी सांगा."

अड्ड्यावरच्या एकानं वेगळंच काढलं. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिलाय, साध्या मोटारीच्या लायसनवर मालाची गाडी चालते, तू कशाला मेडिकलच्या नादाला लागतोस. निकाल खरा आहे, पण तो साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला. माझी आयशर भरल्यावर त्याच्या बरीच पुढं जाते.

तर मॅडम. साठीच्या असाव्यात, आवाज मास्तरीणबाईसारखा. आधी बीपी घेतलं, १५०-९६ निघालं. मग मागं उभं राहून हळू आवाजात आकडे म्हणाल्या, मी ते परत म्हणायचे. डाव्या कानानं सगळे सांगितले, उजव्याला दोन सुटले. "खिडकीचा कान," म्हणाल्या, "पण हॉर्न ऐकू येईल तुम्हाला." मुठी आवळायला लावल्या, उठाबशा काढायला लावल्या. ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, लाल-हिरव्या ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे. ते मी धडाधड वाचले. त्या म्हणाल्या, २०२० पर्यंत रंगांत अडकला त्याचं लायसन गेलंच समजायचं, आता दोष सौम्य किंवा मध्यम असेल तर चालतं. मला वाटलं, झालं काम.

"चला बाहेर," त्या म्हणाल्या.

दवाखान्यासमोर चिंचेखाली त्यांची मोटार उभी असते. तिथून पंचवीस मीटर टेपनं मोजून त्यांनी रस्त्याकडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारून घेतलाय. फॉर्ममध्ये प्रश्नच तसा आहे: चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते का? चष्मा असेल तर चष्मा लावून. हाच प्रश्न फॉर्म एकमध्येही असतो, तो आपला आपण भरायचा. तिथं मी आदल्या दिवशीच 'होय' करून आलो होतो.

पट्ट्यावर उभा राहिलो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. मोटार दिसत होती, पाटी दिसत होती, पाटीवर काळं काहीतरी आहे हेही दिसत होतं. मी डोळे बारीक केले.

"डोळे बारीक नाही करायचे. वाचा."

"आठ... आठ, सहा, आठ."

"पुढं या. कळेल तिथं थांबा."

मी चालत गेलो. पहिला आकडा तीन होता. तो तीन आहे हे मला कळलं तेव्हा मोटार माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होती. कंपाउंडर पोरगं दारात उभं होतं, त्यानं मान दुसरीकडं वळवली. त्याचं मला जास्त लागलं.

हे मला आधी माहीत नव्हतं का? होतंही आणि नव्हतंही. पंधरा वर्षं तोच रस्ता, खंबाटकी, कात्रज, खंडाळा. ओळखीच्या रस्त्याला बोर्ड वाचावे लागतात कुठं! वळण कुठं येतं ते अंगाला कळतं. डिसेंबरात मात्र मालकानं भिवंडीचा माल दिला होता. ते गोडाऊन मला नवीन होतं. उड्डाणपुलाखालचे बोर्ड, गाळ्यांचे नंबर, सगळं क्लीनर पोरगं वाचून सांगत होतं आणि मी त्याला उलट दम देत होतो, "अरे आधी सांगत जा की." समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती गोल कडं दिसायला लागलं होतं. मला वाटायचं, हल्ली सगळे एलईडी बसवतात म्हणून. तहान फार लागायची, रात्रीत तीन-चारदा गाडी बाजूला घ्यावी लागायची. त्याचं खापर चहावर.

मॅडमनी सर्टिफिकेट दिलं नाही. दोनशे रुपयेही घेतले नाहीत. चिठ्ठी दिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

तिथं मला वाटलं, नंबर काढतील, चष्मा देतील, दोन दिवसांत मोकळा. चष्म्याचं दुकान दवाखान्याच्या खालीच होतं. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, भिंगं बदलून बघितली, मग विचारलं, "शुगर कधी तपासली होती?" कधीच नव्हती. बोटाला टोचलं, ३८६. ते भिंगं काढून ठेवत म्हणाले, "आज चष्मा देत नाही."

मी म्हटलं, साहेब, मला पाटी वाचायचीय.

त्यांनी समजावून सांगितलं. साखर एवढी चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं, फुगतं, आणि नंबर बदलतो. आज जो नंबर येईल तो साखर उतरल्यावर राहणार नाही. आज चष्मा केला तर महिन्याभरात तोच डोळ्याला त्रास देईल. साखर काही आठवडे ताब्यात राहू दे, मग नंबर काढू. खाली दुकान असून गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग डोळ्यांत थेंब घातले, थोड्या थोड्या वेळानं परत घातले, बुबुळं मोठी करून पडदा तपासला. पडदा साफ होता. "नशीब," एवढंच म्हणाले, पण दर वर्षी तपासून घ्यायला सांगितलं. त्या थेंबांनंतर बाहेर आलो तर उन्हात डोळे उघडेनात, मोबाइलवरचं अक्षर लागेना. मेव्हण्याला बोलावलं आणि त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आलो. घरात आल्या आल्या बायको म्हणाली, "मी म्हणत नव्हते, रात्री एवढं पाणी कुणी पितं का?" म्हणत होती खरी.

तीन महिन्यांची सरासरी साखर काढली, ती ११.२ आली. साडेसहाच्या वर म्हणजे मधुमेह, असं मॅडमनी सांगितलं. गोळ्या त्यांनीच लिहून दिल्या आणि त्यातल्या एका गोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, हिनं साखर कधी कधी नको तेवढी खाली येते. घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोकं हलकं वाटलं, तर आधी गाडी बाजूला घ्यायची. मग ग्लुकोज नाहीतर साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं.

मी म्हटलं, केबिनमध्ये शेंगदाण्याची चिक्की असते.

"चिक्की नको. शेंगदाण्यात तेल असतं, साखर हळू चढते. तुम्हाला लगेच चढायला हवी."

आणि जेवण चुकवून गोळी घ्यायची नाही. हे ड्रायव्हरला सांगणं सोपं आहे. वाशीला गाडी खाली व्हायची वाट बघत किती जेवणं चुकतात, ते आमचं आम्हाला ठाऊक.

मालकाला सांगितलं. ऐन सीझन. तो वाईट माणूस नाही, पण म्हणाला, "एजंटला दीड हजार मी देतो. आजच्या आज होईल." मी त्या रात्री खरंच विचार केला. सर्टिफिकेटवर सही कुणाची का असेना, मीही सहा वेळा तसाच फिट झालो होतो आणि काही झालं नव्हतं. सकाळी क्लीनर पोराला सहज विचारलं, मला नीट दिसत नाही असं तुला कधी वाटलं का? तो म्हणाला, "काका, बोर्ड मी वाचतो, लायसन तुमचं." हसत म्हणाला. मी मालकाला नाही म्हणून सांगितलं.

फेब्रुवारीत लायसन संपलं. मालक म्हणत होता, महिनाभर तसंच चालतं. पूर्वी चालायचं. मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ ला काढून टाकली. आता संपलं की त्याच दिवसापासून गाडीला हात लावायचा नाही. एवढंच बरं की वर्षाच्या आत अर्ज केला तर परत ट्रायल द्यावी लागत नाही. माझ्या जागी दुसरा ड्रायव्हर बसला आणि मी पॅकिंगच्या शेडवर क्रेट उचलायला लागलो, रोजावर. ट्रिपचे पैसे बंद. भात अर्धा झाला, चहा बिनसाखरेचा झाला, आणि भोवती सगळीकडं द्राक्षांचे ढीग. रोज पाच-सहा टन गोड माल माझ्या हाताखालून जायचा, एक मणी तोंडात टाकायची चोरी.

सहा आठवड्यांनी साखर जेवणाआधी १२८ आली. चष्म्याचा नंबर निघाला तो पहिल्या दिवशीच्या भिंगांपेक्षा बराच कमी होता. दोन चष्मे केले, एक डोळ्यांवर, एक केबिनच्या कप्प्यात.

चष्मा लावून मॅडमकडं गेलो. पिवळ्या पट्ट्यावर उभा राहिलो आणि तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "ती पाटी तुम्हाला पाठ झाली असेल." कंपाउंडरला सांगून त्यांनी मोटारीच्या जागी एक दुधाचा टेम्पो उभा करायला लावला. मी नंबर वाचला, वर लिहिलेलं देवाचं नाव वाचलं, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव होतं तेही वाचलं.

"तेवढं फॉर्ममध्ये विचारत नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि आत जाऊन संगणकावर बसल्या. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला. या वेळी तो मी समोर बसून सांगितला. दोनशे रुपये घेतले. लायसनचं कार्ड पुढं पोस्टानं घरी आलं.

तोवर द्राक्षं संपत आली होती. पहिलाच माल मिळाला तो परत भिवंडीचा. रात्री अडीचच्या सुमाराला उड्डाणपूल दिसायला लागला तसं क्लीनर पोरगं सवयीनं पुढं सरकलं आणि म्हणालं, "काका, भिवंडी डावीकडं."

"दिसतंय मला."

"मग मी झोपू?"

"गाळा नंबर शोधून होईपर्यंत जागा राहा," म्हटलं, "मग झोप."