अकरावा शो: शफल एकदाचा सापडला

यंदाचा अकरावा रॉक अँड रोल शो काल झाला. तीन महिने ज्याच्या मागे लागलो होतो, तो शफल, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची झुलती चाल, काल कानाला सापडला.

आधी उभं राहण्याच्या जागेबद्दल. पहिले पाच शो मी स्टेजला चिकटून पाहिले आणि शब्द कळत नाहीत म्हणून दोन गायकांना वहीत नावं ठेवली. ती मागे घेतो, चूक माझ्या जागेची होती. छोट्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचा अ‍ॅम्प थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज येतो तो पीएच्या, म्हणजे हॉलच्या ध्वनियंत्रणेच्या, स्पीकरमधून, आणि अगदी पुढे उभं राहिलं की तो आपल्याला चुकवून मागे जातो. आता मी मिक्सरच्या पुढ्यात उभा राहतो. साउंडवाला ज्या जागेवरून ऐकतो, जवळपास तिथूनच. मागच्या भिंतीला मात्र टेकू नका, तिथे बास फुगतो.

सहाव्या शोनंतर रात्रभर कान वाजले. तेव्हापासून फिल्टरवाले इअरप्लग. उघड्या कानांना ८५ डेसिबलचा आवाज ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. फोमच्या बोळ्यांनी सगळं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. फिल्टरमधून झांजा शाबूत येतात.

आता कालचं. अमेरिकन रॉक अँड रोल गिटारवादक-गायक चक बेरीच्या १९५० च्या दशकातल्या काही रेकॉर्डिंगमध्ये गिटार सरळ, एकसारख्या अंतराच्या आठ मात्रा मारत असते आणि मागे ड्रमर शफल धरून झुलत असतो. ब्लूज वाजवून आलेले हात ते. दोन चाली एकमेकींना घासतात आणि गाण्याला ओढ येते. घरी हेडफोनवर मला हे ओळखता यायचं, शोमध्ये कधीच नाही.

कालचा बँड मी तिसऱ्यांदा ऐकत होतो. सगळी गाणी त्यांची स्वतःची. चौथ्या गाण्यात गिटारची तार तुटली. गिटारवाल्याने दुसरी गिटार गळ्यात घालेपर्यंत ड्रमर आणि बासवाल्याने बारा बारचा फेरा, म्हणजे ब्लूजचं ठरलेलं बारा मापांचं आवर्तन, दोनदा फिरवला. गिटार नसल्याने ड्रमरचा उजवा हात पहिल्यांदा उघडा ऐकू आला: राइड झांजेवर टिंग, टि-टिंग, टि-टिंग, आणि डावा हात स्नेअर ड्रमवर २ आणि ४ ला, किंचित उशिरा, जणू टेकून. मग गिटार परत आली, सरळ, घाईची. ड्रमरने हात बदलला नाही. ते घासणं मला तिथे, समोर ऐकू आलं! उरलेला सेट मी त्या उजव्या हातावरून नजर काढली नाही.

एक सांगायचं राहिलं: सुरुवातीचा बँड चुकवू नका. काल त्यांच्यासमोर जेमतेम वीस माणसं होती आणि त्यांच्या बासवालीने उभा बास असा चापट्या मारून वाजवला की तारेचा खटका ड्रमसारखा ऐकू येत होता. बाराव्या शोला त्याच वाजवणार आहेत. या वेळी मी त्यांच्या बाजूला उभा राहणार.