स्कॉटलंडमधला 'वी'

ग्लासगोमध्ये राहायला आलं की पहिल्या आठवड्यापासून एक शब्द सारखा कानावर पडायला लागतो, तो म्हणजे 'वी' (wee). अर्थ सांगायचा तर लहान, छोटा, पण इथली माणसं तो अशा अशा ठिकाणी लावतात की आकाराशी काही देणंघेणंच राहत नाही. दुकानात गेलात तर 'वी बॅग हवीये का', ऑफिसात 'इथे एक वी सही कर', दवाखान्यात रक्त काढणारी नर्स हात धरून म्हणते, आता वी टोचेल हं, आणि खरं सांगते, त्या एका शब्दाने अर्धी भीती जाते. 'वी मिनिट थांब' म्हटलं तरी मिनिट साठ सेकंदांचंच असतं, पण थांबायला सांगण्यातला कोरडेपणा जातो ना!

शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत वजनाला जो शब्द होता त्यातून हा आला, आधी 'अ लिटल वी' म्हणजे थोडंसं, इतकंच म्हणायचे, मग पंधराव्या शतकापर्यंत पुढचं 'लिटल' गळालं आणि 'वी'च छोटा झाला. म्हणजे वजनाचा शब्द हलकेपणाचा झाला, मला हे फार आवडतं. उत्तर आयर्लंडमध्येही तो असाच चालतो, पण शेटलंड बेटांवर मात्र लहानाला 'पीरी' म्हणतात आणि ऑर्कनी बेटांवर 'पीडी'.

लहान मूल म्हणजे 'वी यिन', आणि 'वी मॅन' तर शेजारच्या पोरापासून मित्रापर्यंत कोणालाही. १९०० मध्ये इथल्या फ्री चर्च या ख्रिस्ती पंथातले बहुतेक लोक दुसऱ्या पंथात विलीन झाले, जे थोडे मागे उरले त्यांना लोक 'वी फ्रीज', म्हणजे छोटे फ्री चर्चवाले, म्हणायला लागले, तेव्हा त्यात टोमणा होता. म्हणजे हा शब्द कमी लेखायलाही वापरता येतो, सगळं सूर कसा लागतो त्यावर.

पण रोजच्या वापरात तो मायेचाच. आपल्याकडे 'घोटभर चहा घ्या' म्हणून कप काठोकाठ भरून देतात, तसाच इथला 'वी ड्रॅम', म्हणजे व्हिस्कीचा छोटा घोट. पबमध्ये व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिलीलिटर ठरलेलं, घरी मात्र यजमान वी ड्रॅम म्हणत ओततो ते मोजायला कोणी जात नाही.

एक लक्षात ठेवा, लहान मुलांच्या भाषेत 'वी' म्हणजे शूसुद्धा, स्कॉटलंडमध्येही. नुसतं 'वी' नाम म्हणून आलं की तो अर्थ, पुढे दुसरा शब्द असला की छोटा, त्यामुळे सहसा घोळ होत नाही.

सप्टेंबरमध्ये शिकायला येणाऱ्या मुलामुलींनो, इथला कोणी रविवारी 'वी वॉक'ला बोलावलं तर जरूर जा, फक्त लॉख लोमंड तलावाजवळची एखादी अख्खी टेकडी चढायची असू शकते, तेव्हा बूट चांगले घाला, रेनकोट घ्या आणि डबा भरून न्या.