कबरीच्या गळ्याखालची गाठ

मागच्या वर्षी माझी तांबडी कोंबडी माझ्या हातात मेली. गळ्याखाली फुगा आलेला, दाण्याला तोंड लावत नव्हती. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "उलटी धर अन् दाब, समदं भडाभडा भाईर येतंय." मी पाय धरून उलटी केली आणि दाबली. चोचीतून आंबूस पाणी आलं, तिनं दोनदा पंख फडफडवले आणि मान टाकली. तेव्हा वाटलं, दुखणंच मोठं होतं.

यंदा पावसाळा सरता सरता कबरीला तसंच झालं. संध्याकाळी खुराड्यात कोंडताना छातीच्या वर, जरा उजवीकडं, मोसंबीएवढा गोळा हाताला लागला. सोयाबीनची रास नुकतीच झाली होती, अंगणात दाणे सांडलेले. म्हटलं, भरपूर खाल्लं असेल. दुसऱ्या संध्याकाळी परत तोच गोळा, परत तोच विचार. हे दोन दिवस मी फुकट घालवले. चरून आलेल्या कोंबडीची गळ्याखालची दाण्याची पिशवी संध्याकाळी भरलेलीच असणार. तिला दात नाहीत. गिळलेलं आधी या पिशवीत साठतं, भिजतं, मग थोडं थोडं पुढं पेट्यात जातं (कलेजीसोबत मिळतो तो पेटा) आणि तिथं तिनं टिपून गिळलेल्या खड्यांनी भरडलं जातं. रात्रीतून पिशवी रिकामी होते. म्हणजे बघायचं ते पहाटे, दाणा टाकायच्या आधी.

तिसऱ्या दिवशी पहाटे हात घातला तर गोळा जागच्या जागी. मळून ठेवलेल्या कणकेसारखा. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. शीट थोडीशी, हिरवट-पांढरी. मानमोडीची साथ आली की काय म्हणून आधी पोटात गोळा आला, पण बाकीच्या पाचजणी ठणठणीत होत्या, हिचीही मान सरळ होती, श्वास नीट होता.

कबरीला वेगळं डालग्याखाली ठेवलं. दाणा बंद, फक्त पाणी. करडईचं तेल ड्रॉपरनं चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडलं, एकेक थेंब ती गिळेपर्यंत थांबून. मग तिला काखेत उभी धरून पिशवी हलक्या हातानं चोळायची, पाच-सात मिनिटं, दिवसातून चारदा. दाबायची नाही, आतला गोळा फुटेल इतपत नुसती कुस्करायची. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. "कोंबडीला कुणी मालीश करतंय व्हय? तिखट-मीठ लाव, आपसूक बरी हुतीया."

चौथ्या दिवशी गोळा मऊ लागला आणि मला वाटलं, जिंकले. पण तो विरघळला नव्हता. त्याच्याभोवती पाणी साचलं होतं. पिशवी हलवली की डचमळायची. चोच उघडून वास घेतला तर शिळ्या आंबिलीचा. हाच वास तांबडीला येत होता. मावशी पुन्हा कुंपणाशी आल्या, "उलटी धर," म्हणाल्या. या वेळी हात धजला नाही. दुसऱ्या कुणीतरी पाण्यातून मोरचूद पाजायला सांगितलं. मोरचूद आम्ही पिकावर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालतो, पण कोंबडीला किती द्यायचं ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ते राहू दिलं.

तालुक्याच्या दवाखान्यात गेले तर "कोंबडीचं काय एवढं, ताई," म्हणून एक पुडी हातात दिली, कबरीकडं बघितलंसुद्धा नाही. मग पाचव्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि थेट उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात. कबरी बाजाराच्या पिशवीत, मुंडकं तेवढं बाहेर. रांगेत देवणी गायी, म्हशी, एक लंगडं वासरू, आणि मी. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू.

तिथल्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "उलटी धरली होती का?" नाही म्हणाले. "बरं केलंत. कोंबडीला आपल्यासारखी उलटी होत नाही. पिशवीतलं पाणी घशात आलं की श्वासनळीत उतरतं, मग ती गुदमरते." मी गप्प. तांबडी डोळ्यांपुढं आली. पुढचं त्यांचं बोलणं अर्धंच कानात शिरलं.

अन्न पुढं सरकलं नाही की पिशवीत कुजतं आणि त्यात कँडिडा नावाची बुरशी वाढते, आंबूस वास तिचा. पण नुसतं बुरशीचं औषध देऊन भागणार नव्हतं, आत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी छातीवरची पिसं उपटली, तेवढी जागा बधिर केली आणि आधी कातडीला, मग पिशवीला छोटा छेद दिला. मला बाहेर थांबा म्हणाले, मी दारातूनच बघत होते. चिमट्यानं ओढलं तर लांबच लांब गवताच्या काड्यांचा पिळा निघाला, त्यात गुंतलेली हिरवी नायलॉनची सुतळी. आधी पिशवी शिवली, मग वरची कातडी वेगळी. कबरी एवढ्या वेळात एकदाच ओरडली.

"अंगणात मुरूम आहे का?" त्यांनी विचारलं. गेल्या साली आम्ही परसात कोबा केला होता, चिखल होतो म्हणून. खडे नाहीत म्हणजे पेट्यात भरडणार कशानं? त्यात रानातलं वाढलेलं गवत मीच पेंढीच्या पेंढी आणून टाकत होते, न चिरता.

सुतळीचा तुकडा मी कागदात बांधून घरी आणला. आत्याबाईंनी उलटापालटा करून बघितला आणि म्हणाल्या, "ही तर माझ्या बाजंची." त्या दिवसापासून तिखट-मिठाची गोष्ट निघाली नाही.

पहिला दिवस फक्त पाणी. नंतर तांदळाची पातळ पेज आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा, एका वेळी चमचाभर, दिवसातून पाच-सहादा. अंडं बघून आत्याबाई म्हणाल्या, "अगं, पोटचं खाऊ घालायलीस तिला." बुरशीचं औषध आणि जखमेसाठीचं प्रतिजैविक डॉक्टरांनी वजन करून, तेवढंच लिहून दिलं होतं. औषध चालू असताना आणि संपल्यावरही त्यांनी सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नव्हती. तसा प्रश्नच आला नाही, पंधरा दिवस तिनं अंडं घातलंच नाही.

टाके सुकले, पिसं अजून विरळ आहेत. पिशवी थोडी सैल पडली आहे, संध्याकाळी लोंबते. सकाळी रिकामी असते. कोब्याच्या एका कोपऱ्यात नवऱ्यानं चार घमेली मुरूम टाकला, गवत आता विळीवर बोटभर चिरून घालते. मावशींना श्वासनळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या तर कैक वाचल्या की तशा." वाचल्याही असतील.