आपला हात जगन्नाथ, भाव अडीचशे

पितृपक्षातला रविवार, रात्र.

या दिवसांत आमची विक्री जवळजवळ थांबते. मराठी घरांत पितृपक्ष पाळतात तसेच गुजराती घरांत श्राद्धाचे दिवस पाळतात आणि नव्या वस्तूची खरेदी नवरात्र बसेपर्यंत पुढे ढकलतात, त्यामुळे वडोदऱ्यात घरगुती धंदा करणाऱ्यांसाठी हा पंधरवडा वह्या जुळवण्याचा आणि पुढचा माल तयार करून ठेवण्याचा असतो. मी कॉफीचे मग, कापडी पिशव्या, लाकडी कीचेन आणि फ्रिजवर लावायची चुंबके यांवर स्वावलंबनाची आणि स्वतःच्या मनाने जगण्याची वाक्ये छापून विकते. आज दुपारी जेवणे उरकल्यावर वही घेऊन बसले, ते पैशांचा मेळ घालण्यासाठी नव्हे, तर कोणते वाक्य कोणी आणि कोणासाठी नेले हे एकदा नीट पाहावे म्हणून. गिऱ्हाईक बोलते असले की मी नगापुढे दोन शब्द लिहून ठेवते, आणि वडोदऱ्यातले गिऱ्हाईक सहसा बोलके असते.

पाहिले तेव्हा जे दिसले ते मला अंधुकपणे ठाऊक होते, पण इतके ठळक असेल असे वाटले नव्हते. स्वतःसाठी स्वावलंबनाचे वाक्य विकत घेणारे फार थोडे आहेत. बहुतेक नग दुसऱ्याला देण्यासाठी गेले आहेत: सासऱ्याने सुनेला, मोठ्या बहिणीने धाकटीला, एका गृहस्थाने नुकत्याच निवृत्त झालेल्या पत्नीला. ‘माझं मी बघेन’ हे माझे सर्वांत जास्त खपणारे वाक्य आहे. घरात ते एरवी रागाच्या भरात उच्चारले जाते आणि त्यानंतर दोन दिवस अबोला असतो. तेच वाक्य मगावर छापून जेव्हा नवरा बायकोच्या हाती देतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘बघ बाई तुझं तू, माझी हरकत नाही’ असा होतो. ही परवानगी झाली, आणि तिच्यात थोडी माघारही असते. स्वतंत्र वृत्तीची घोषणा दुसऱ्याच्या हातून मिळाली की ती घरात टिकते, स्वतःच आणून टेबलावर ठेवली तर ‘हे कोणाला उद्देशून?’ असा प्रश्न येतो, हे माझ्या गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा चांगले कळते.

याउलट ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ हे मग पेटीत तसेच पडून आहेत. वाक्यात काहीच चूक नाही, अक्षरही सुरेख उतरले आहे, पण आज्ञा करणारी वस्तू पैसे मोजून कोणी घरी नेत नाही. म्हणींचे तसे नसते. ‘आपला हात जगन्नाथ’, ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’, आणि गुजराती गिऱ्हाइकांसाठी ‘पारकी आश सदा निराश’ व ‘जात महेनत झिंदाबाद’ (गुजरातीत ‘जात महेनत’ म्हणजे स्वतःची मेहनत) ही वाक्ये कोणा एकाची नसल्यामुळे ती ऐकताना कोणी आपल्याला उपदेश करतो आहे असे वाटत नाही, आणि म्हणूनच ती बारा महिने खपतात.

वहीतली एक नोंद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचली. पावसाळ्याच्या सुरुवातीला मांजलपूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांचा मुलगा शिकायला कॅनडाला निघाला होता, आणि या शहरात अशी मुले आता गल्लोगल्ली आहेत. त्यांना ‘आपला हात जगन्नाथ’ असा मग हवा होता. पुढची बाजू ठरल्यावर त्यांनी खिशातून वहीचे एक घडी केलेले पान काढले आणि हे मागच्या बाजूला येईल का, असे विचारले. त्यावर त्यांच्या पत्नीच्या हस्ताक्षरात खिचडी लिहिलेली होती: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, तीन वाट्या गरम पाणी, हिंग विसरू नये, तीन शिट्ट्या. ‘हिंग विसरू नये’ याच्याखाली दोनदा रेघ ओढलेली होती आणि पानाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग होता.

ते पान मी स्कॅन केले. अशी छपाई कशी होते हे विचारणाऱ्यांसाठी इथेच लिहून ठेवते. मजकूर सब्लिमेशनच्या कागदावर उलटा, म्हणजे आरशात दिसेल तसा छापायचा, तो मगाभोवती उष्णता सोसणाऱ्या पट्टीने घट्ट बांधायचा आणि तापत्या प्रेसमध्ये साधारण १८० अंश सेल्सिअसवर तीनेक मिनिटे ठेवायचा. त्या उष्णतेला शाई न वितळता थेट वाफ होते आणि मगावरच्या पॉलिमरच्या लेपात शिरते, त्यामुळे ती घासून निघत नाही. साध्या चिनी मातीच्या मगावर हा लेप नसतो, म्हणून त्यावर हे काम होत नाही. सुती कापडावरही होत नाही, कारण ही शाई पॉलिएस्टरलाच धरते, म्हणून पिशव्या मी जाळीच्या चौकटीवर स्क्रीन प्रिंटिंगने करते. तिथे त्रास वेगळा असतो: चौकटीवरचा लेप उजेडात जरा जास्त वेळ राहिला की बारीक जागा बुजतात आणि सर्वांत आधी अनुस्वार जातो. ‘स्वावलंबन’चे ‘स्वावलबन’ झालेल्या पिशव्या आमच्या घरात भाजीला वापरतात.

तर, कागदावर फिकट दिसणारी ती निळी अक्षरे प्रेसमधून बाहेर आली तेव्हा गडद झाली होती आणि तेलाचा डागसुद्धा उतरला होता. तो काढून टाकू का, असे मी आधीच विचारले होते, पण ते नको म्हणाले होते. मग हातात घेऊन त्यांनी आधी मागची बाजू वाचली. स्वावलंबनाचे वाक्य पुढे आणि आईचे प्रमाण मागे, अशी ती वस्तू मला मी केलेल्या सर्व वस्तूंपेक्षा खरी वाटते. त्यानंतर मी तशाच आणखी काही ऑर्डरी घेतल्या, आणि मागच्या बाजूला काय आले म्हणावे तर आमटीचे प्रमाण, कपडे धुण्याच्या यंत्राच्या सूचना आणि एका ठिकाणी आजीने लिहिलेले ‘पैसे संपले तर लाजू नकोस’ एवढेच.

गरब्याला एकत्र जाणाऱ्या मुलींच्या एका गटाने ‘मी माझ्यासारखी’ असे लिहिलेल्या पिशव्या एकसारख्या, एकाच रंगात मागवल्या आहेत. यात विसंगती आहे म्हणून हसणे सोपे आहे आणि आमच्या घरात सगळे हसलेही. मला ते पटले नाही. त्यांतल्या दोघींच्या घरची माणसे मी ओळखते, आणि ती पिशवी एकटीने खांद्याला लावून बाहेर पडणे त्या घरांतून जमणार नाही हेही मला माहीत आहे. दहा-बाराजणींच्या खांद्यावर तीच पिशवी असली की ती ‘ग्रुपची बॅग’ होते आणि कोणी काही बोलत नाही.

या आठवड्यात एकच काम पुढे ढकलता येण्यासारखे नव्हते. २३ सप्टेंबरसाठी काही तरुणांनी ‘अत्त दीप भव’, म्हणजे स्वतःच स्वतःचा दिवा हो, हे बुद्धवचन लिहिलेल्या पिशव्या सांगितल्या होत्या. वडोदऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की सयाजीबागेत, जिला आम्ही सवयीने कमाटी बाग म्हणतो, तिथे संकल्पभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ साली इथे आले. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशांच्या एका धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला, तिथूनही त्यांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते या बागेत बसून राहिले. अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प त्यांनी तिथेच केला असे मानतात, म्हणून दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे माणसे जमतात.

या पिशव्या छापताना मी ज्या लक्षाने चौकट धुतली तशी एरवी धुत नाही. आमच्यासारख्यांच्या घरात स्वावलंबन हा एक गुण असतो, मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहावा तसा. ज्याला सगळ्या शहराने दार लावले त्याच्या बाबतीत तो गुण नसून उरलेली एकमेव वाट असते, आणि तरीही त्याच माणसाने पुढे लोकांना सांगितले ते शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे, एकेकट्याने तरून जा असे नव्हे. ऑर्डर द्यायला आलेल्या मुलाने आणखी कसली सजावट नको, फूल नको, पणतीचे चित्रही नको, फक्त अक्षरे हवीत, असे बजावले होते. त्याचे बरोबर होते. पणती काढण्याचा विचार माझ्या मनात आलाच होता.

सासूबाईंना माझ्या वाक्यांचे फारसे कौतुक नाही. पिशव्यांना बंद त्याच शिवतात, आणि चौकोनात फुली अशी दुहेरी शिवण घातल्याशिवाय बंद टिकत नाही, यावर त्या कधी तडजोड करत नाहीत. ‘पिशवी फाटली नाही तर लोक आपोआप तुझं नाव घेतील, लिहायला कशाला हवं?’ असे त्या म्हणतात. त्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकल्या. बायकांच्या हाती काहीतरी मिळकतीचे कसब असावे म्हणून महाराणींच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. याच गावातले तंत्रशिक्षणाचे दुसरे ठिकाण म्हणजे १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली सुरू झालेले आणि पुढे विद्यापीठाच्या तंत्रशाखेत मिळून गेलेले कलाभवन. गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे आणि रंगांचे जाणकार होते, त्यामुळे कापड रंगवणे आणि छापणे हे या गावात तेव्हा रीतसर शिकवण्याचे विषय होते. स्वदेशीच्या काळात पैसा फंडाने घराघरांतून एकेक पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला. त्या पिढीच्या स्वावलंबनात घोषणा होती, पण तिच्यामागे भट्टी, शाळा, कारखाना असे काहीतरी उभे असे. माझ्याकडे भट्टीच्या जागी पंधरा किलोचा एक प्रेस आहे, याची मला थोडी लाज वाटते आणि थोडा अभिमानही.

सासूबाईंची दुसरी गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून उचलली. त्यांना शिवणाची मजुरी नगावर मिळत असे, म्हणून स्वतःच्या कामाची किंमत त्यांना आण्यापैशात सांगता येते. माझ्या वहीत कोरा मग, शाई, कागद, वीज, खोका यांच्याबरोबर ‘मजुरी’ असा रकाना आहे आणि तो कधी रिकामा नसतो. अडीचशे रुपयांच्या मगात सत्तर रुपये माझे असतात, मग खपो वा न खपो. प्रदर्शनांत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कितीतरी जणी ‘घरबसल्या करते, वेळ जातो’ असे म्हणून तीच वस्तू दीडशेला देतात. त्यांचा राग करावासा वाटत नाही, कारण त्यांना घरी तसेच सांगितलेले असते. पण त्या टेबलावरही ‘मी माझ्या पायावर उभी’ अशी चुंबके मांडलेली असतात, आणि ती चुंबके ज्या भावाने विकली जातात त्या भावात त्या पायांची मजुरी धरलेली नसते. मंगळ बाजारात कापडाचा भाव करावा तसा माझ्याशी कोणी ‘बेन, छेल्लो भाव बोलो’ म्हणून भाव करू लागले की मी हसून तोच आकडा पुन्हा सांगते. निम्मे जातात, निम्मे घेतात. जे घेतात ते पुन्हा येतात.

नवरात्रीसाठी ‘माझं मी बघेन’ आणि दोन गुजराती म्हणी जास्त छापायच्या, आज्ञार्थी वाक्य नवे एकही नाही, एवढे आज ठरवले. पेटीत पडून असलेल्या ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ मगांचे काय करायचे हा प्रश्न परवा आपोआप सुटण्याच्या बेतात आला. ओळखीच्या एका शिक्षिका घरी आल्या होत्या, त्यांनी ती पेटी पाहिली आणि शाळेच्या बक्षीस समारंभासाठी सगळे मग घ्यायची तयारी दाखवली. मी मनातल्या मनात हसले. ज्या वाक्याला घरात जागा नव्हती त्याला शाळेत हक्काची जागा होती, कारण तिथे मुलांना आज्ञा करणे हा कोणाचा तरी नेमून दिलेला धर्मच आहे. त्यांना भाव मात्र मुद्दलाचाच हवा होता, ‘नाहीतरी पडूनच आहेत ना?’ असे त्या म्हणाल्या, आणि मागे मुलांची नावेही छापून हवी होती. दुसऱ्यांदा तापवले की आधीचा रंग जरासा उतरतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मजुरीचे सत्तर धरून भाव सांगितला आहे, घाऊक म्हणून खोक्याचे पैसे सोडले आहेत. त्या मुख्याध्यापकांना विचारून मंगळवारी कळवणार आहेत.