काठ असलेली कामे

नवतप्यातल्या एका दुपारी चार्जिंगला लावूनच पाहत असलेल्या माझ्या फोनने मान टाकली. तापमान फार वाढले आहे, थंड होईपर्यंत थांबा, अशा अर्थाची सूचना देऊन तो काळा पडला. पारा 45 अंशांना टेकलेल्या नागपुरात विश्रांतीची गरज आधी यंत्राला भासावी, पलंगावर लोळत तासभर बोट सरकवणाऱ्याला भासू नये, हे थोडे अपमानास्पदच होते. शिवाय पंपाच्या कोरड्या आवाजावरून कूलरमधले पाणी संपत आल्याचेही तेव्हाच कळले, म्हणून उठलो.

लहानपणी हे काम माझ्याकडे असे. धरमपेठेतल्या घरी दुपारी नळाला पाणी नसे. सकाळी भरून ठेवलेल्या ड्रममधून बादल्या न्याव्या लागत. खसाची ताटी भिजताच पहिला वास ज्या कोपऱ्यात येई, त्या कोपऱ्यासाठी आम्ही भावंडे भांडत असू. टाकी काठोकाठ आली, की आई स्वयंपाकघरातून ओरडे, "बस झालं, पाणी वाहून राहिलं ना!" आणि काम संपे.

फोनमधले काही संपतच नाही. पान आपोआप पुढे उलगडत ठेवण्याची युक्ती अझा रॅस्किन या सॉफ्टवेअर डिझायनरने 2006 साली काढली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. पूर्वी पानाच्या तळाशी निदान एक बटण असे, तिथे बोट अडे आणि माणसाला चहाची आठवण होई. 'उद्यापासून कमी पाहीन' हा निश्चय टिकत नाही तो यामुळेच असावा. कमी म्हणजे कुठवर, हे ठरवायला कुठेतरी काठ हवा. सायकलचे पंक्चर काढताना किंवा सेमिनरी हिल्सचा चढ चढताना मला फोन आठवत नाही, कारण पंक्चर निघते आणि चढ माथ्यावर संपतो.

फिरताना फोन घरी ठेवतो, हा मात्र माझा निव्वळ हट्ट. परवा सकाळी अंबाझरीच्या बांधावर शेजारचे काका भेटले. दंडाला पट्ट्याने फोन बांधलेला.

"आज किती पावलं झाली?"

"मोजली नाहीत, काका."

"म्हणजे फुकटच गेलं की तुमचं चालणं!"

त्यांच्या चेहऱ्यावरची कीव खरी होती. मला उत्तर सुचले नाही. आम्ही दोघांनी पोहे खाल्ले. तर्री जरा जास्तच घेतली.