किलबॅक घेऊन लढायला गेलो, माझा अनुभव

आमच्या घरी छोटा हत्ती आहे, पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डातनं हळदीची पोती पोचवतात, त्यामुळं एलिट डेंजरस या अंतराळयानं उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये पण मी हमालीच करत बसलो यात नवल नाही. २०२० च्या नोव्हेंबरात एपिकच्या ऑनलाइन स्टोअरवर गेम फुकट मिळत होता तेव्हा घेतलेला, मग बरेच दिवस टाइप-६ या मालवाहू जहाजावर माल इकडनं तिकडं. शेवटी कंटाळलो, म्हटलं आता लढायचं.

मिरजेचा आतेभाऊ व्हल्चर हे लढाऊ जहाज उडवतो, तो म्हणाला गप तसलंच लढाऊ जहाज घे. पण माझं मन किलबॅकवर. टाइप-६ चाच भाऊ, त्याच लेकॉन कंपनीचा, साधारण ३१ लाख क्रेडिटला, म्हणजे गेममधल्या पैशात. टाइप-६ ला हत्यारांच्या दोन बारक्या जागा, याला दोन मीडियम आणि दोन स्मॉल. शिवाय फायटर हँगर बसणारं हे गेममधलं सगळ्यात छोटं जहाज, म्हणजे पोटातनं आपलंच एक छोटं विमान, फायटर, बाहेर सोडता येतं. आतेभाऊ म्हणाला, "बैलगाडा शर्यतीत टेम्पो उतरवतोयस व्हय?"

पहिल्या रात्री त्याचंच खरं झालं. एका ग्रहाच्या कड्यात रिसोर्स साइटवर गेलो, तिथं खाणवाले दगड फोडतात आणि त्यांना लुटायला पायरेट येतात, ते मारायचे आणि बाउंटी, म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं इनाम, घ्यायची. आता पायरेट आधी आपला माल स्कॅन करतो, रिकामे असलो तर कुरकुरत निघून जातो. माझ्या पोटात मागच्या फेरीचं दोन टन बायोवेस्ट तसंच राहिलेलं, म्हणजे अक्षरशः घाण, आणि त्या घाणीसाठी तिघं अंगावर आले. किलबॅक पळतं सेकंदाला २०० मीटरनं, बूस्ट मारला तर ३००, आणि त्यांच्यातलं वायपर साधंच ३२० नं येतंय. म्हटलं दुसऱ्या ताऱ्याकडं पळून जाऊ, उडीचं बटण दाबतोय दाबतोय, काहीच होईना. हत्यारं बाहेर काढलेली असली की उडी लागत नाही हे मला माहीत होतं हो, पण शील्ड गेल्यावर काच तडकायला लागली आणि डोकंच चालेना. ती आत घ्यायची आठवण झाली तेव्हा उशीर झालेला. जहाज फुटलं, ते परत मिळवायला किमतीच्या ५ टक्के रीबाय भरला आणि झोपलो.

मग जरा शिस्तीत बसून जहाज लावलं. मोठ्या खणात हँगर, दुसऱ्यात शील्ड, माल शून्य. मीडियमवर बीम लेझर शील्ड उतरवायला, स्मॉलवर मल्टिकॅनन पत्रा फोडायला, सगळं गिंबल्ड, म्हणजे थोडा नेम स्वतःच धरणारं, कारण माझा नेम म्हणजे आनंद आहे. आपोआप फिरून मारणारे टरेट लावले नाहीत, झटापटीत एखादी गोळी पोलिसाला लागली की आपणच वाँटेड. आणि स्टेशनवरच्या क्रू लाउंजमधनं फायटर उडवायला एक पायलट घेतला.

खरी गोष्ट कळायला चार-पाच लढाया गेल्या: हे जहाज घेऊन कुणाच्या मागं धावायचंच नाही, वळेपर्यंत समोरचा आपल्या पाठीमागं गेलेला असतो. मी आता रिव्हर्समध्ये घेतो, हळूहळू मागं सरकत नाक त्याच्याकडं, पॉवर वाटायचे ठिपके म्हणजे पिप, त्यातले चार जहाजाच्या सिस्टीमला, मग शील्ड तगून राहतं, आणि फायटरला सांगतो माझं टार्गेट धर. परवा एक कोब्रा जहाज असंच सापडलं. तो माझ्यावर आला, फायटर त्याच्या शेपटीला चावला, तो चिडून फायटरकडं वळला आणि त्याचं अख्खं पोट माझ्यासमोर! पिप हत्यारांना टाकले, बीम धरला, शील्डचं निळं वर्तुळ विझलं आणि मल्टिकॅननचा तडतडाट. फायटर मेला तरी चालतं, हँगरमध्ये नवीन बनतो. आणि पोलीस आधीच कुणाला ठोकत असतील तर वाँटेड दिसल्याची खात्री करून आपण पण दोन गोळ्या घालायच्या, बाउंटी मिळते. याला आतेभाऊ चोरी म्हणतो, म्हणू दे.

तक्रार एकच, तो पायलट. प्रत्येक कमाईत वाटा घेतो, लाउंजमध्ये नुसता बसून असला तरी घेतो. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आमचा क्लीनर पण असाच होता."